कागदावरची दारं

ईशान आणि मीरा,

परवा तुम्ही पाठवलेलं चित्र मोबाईलवर आलं. तुम्ही कॉम्प्युटरला शब्दांत सांगितलंत की शनिशिंगणापूरचं दगडी घर काढ, उन्हाळा दाखव, अंगणात बाज ठेव, आणि त्याने ते काढलं. खाली मीराने विचारलंय, ‘आजी, तू सांगायचीस ते हवालदारांचं घर असंच होतं ना?’

चित्र चांगलं आहे. दगडावरचं ऊन खरं वाटतं, बाजेचा सुंभ सुद्धा एका बाजूला सैल पडलेला आहे. फक्त घराच्या मधोमध एक शिसवी दार आहे, पितळी कड्यांचं, अर्धं उघडं. शिंगणापूरला घरांना दारं नसतात. तुम्ही लहान असताना मी हे सांगितलं होतं, पण ते लक्षात राहावं असं तुमचं तेव्हा वय नव्हतं, आणि कॉम्प्युटरला तर कुणीच सांगितलं नाही. गंमत अशी की हीच चूक आपल्या घरात पूर्वी एकदा झाली होती, शाईने आणि हाताने. नगरला आता मार्चअखेरचं ऊन तापायला लागलंय. सावेडीतल्या या फ्लॅटच्या गच्चीवर दुपारी अनवाणी उभं राहवत नाही. हे ऊन आलं की मला तो एक उन्हाळा आठवतो, म्हणून आत्ताच नीट लिहून ठेवते.

बहात्तर साली पाऊस गेला. मी सांगतेय तो त्याच्या पुढचा उन्हाळा. आम्ही दिल्ली दरवाज्याच्या आत, दोन खोल्या आणि एक लांबट पुढची खोली अशा भाड्याच्या जागेत राहत होतो. नगरात पत्ता सांगताना कुठला ना कुठला दरवाजा किंवा वेस सांगावीच लागते. पुढच्या खोलीत माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, नकाशे काढत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि आता घरं, शाळांच्या खोल्या, पिठाच्या गिरण्या, असं जे येईल त्याचे नकाशे करत. तुमचे आजोबा बँकेत होते आणि तेव्हा त्यांची बदली शेवगावला झाली होती. ते शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने येत आणि सोमवारी पहाटे जात, त्यामुळे या हकिगतीत ते फारसे नाहीत.

अण्णांनी मला सून म्हणून पसंत केलं ते अक्षरावरून. मला पाहायला आले तेव्हा स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. कागद पुढे करून म्हणाले, इंग्रजीची मोठी लिपी लिहून दाखव, दोन रेघांच्या मध्ये. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, पण त्या शिक्षणाचा घरात पहिला उपयोग झाला तो असा. नकाशाच्या रेघा अण्णांच्या आणि अक्षरं माझी, ही आमची वाटणी. कुठल्याही नकाशाखाली ‘ग्राउंड फ्लोअर प्लॅन’ आणि ‘फ्रंट एलेव्हेशन’ मी लिहीत असे आणि माझ्या आयुष्यात काहीतरी नेमकं चाललं आहे असं मला त्यातून वाटत असे.

तुम्ही पडद्यावर रेघ ओढता आणि आवडली नाही की ती नाहीशी होते. आमच्याकडे ट्रेसिंग क्लॉथ होतं, खळ घातलेलं, निळसर, दुधावरच्या सायीसारखं गुळगुळीत कापड. त्यावर आधी खडूची पूड चोळायची म्हणजे शाई धरते. मग रूलिंग पेनच्या दोन पात्यांमध्ये शाईचा थेंब सोडायचा आणि पट्टीच्या कडेने एका दमात रेघ ओढायची. मध्ये थांबलं की तिथे गाठ येते. कापडावर पाण्याचा थेंब पडला तर पांढरा डाग पडतो, तो कायमचा. त्या उन्हाळ्यात अण्णा मनगटाला जुन्या धोतराची पट्टी बांधून बसत, घाम खाली उतरू नये म्हणून.

त्या कापडावरून निळ्या प्रती काढायच्या त्या उन्हात. लाकडी चौकटीत काच, काचेखाली कापड, त्याखाली रसायन लावलेला पिवळट हिरवा कागद. चौकट अंगणात ठेवायची आणि कागद राखेच्या रंगाचा झाला की आत आणून पाण्यात बुडवायचा. पाण्यात गेल्यागेल्या तो निळा होई आणि सगळं घर पांढऱ्या रेघांत वर येई. मी कितीही वेळा पाहिलं तरी त्या क्षणी हातातलं काम थांबायचं. त्या वर्षी आकाशात ढग नव्हता, त्यामुळे प्रती फार सुरेख निघत. पाऊस पडला नाही हे ज्यांच्या पथ्यावर पडलं असे आम्हीच असू. पण ऊन होतं तसं पाणी नव्हतं. नळाला येईल तेव्हा येई, आणि एका प्रतीला धुवायला बादलीभर पाणी लागे.

सासूबाई म्हणत, “तुमच्या कागदाला रोज आंघोळ, आणि माणसांना दिवसाआड!” कागद धुतलेलं पाणी भांड्यांना चालत नसे, कुंडीला चालत नसे. ते अंगणात ओतावं लागे, आणि ओतताना सासूबाई तोंड फिरवत. जेवणात रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी असत. अंगणातल्या दोरीवर निळ्या घरांच्या प्रती वाळत, त्यांच्या पलीकडे रस्त्यावरून खडी फोडायच्या कामावर निघालेल्या बायका जात. हे दोन्ही मी एकाच खिडकीतून पाहत असे. त्या वेळी मला त्यात विसंगत काही दिसलं नाही, आज दिसतं.

अण्णांचा उजवा हात त्या हिवाळ्यापासून कापू लागला होता. सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सरळ रेघेला पट्टीचा आधार असतो, तिथे निभावून जाई. कंपासने चाप मारताना मात्र रेघेला बारीक लाट येई, भिंगाखाली पाहिली तर दिसेल एवढी. अण्णा भिंगाखाली पाहत.

त्यातच त्यांचा धाकटा मुलगा, माझे दीर दिनूभावजी, मुंबईहून रजेवर आले. ते एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटरवर काम करत, म्हणजे काय करत ते आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी एक गुंडाळी आणली होती. अण्णांच्या ड्रॉइंग बोर्डावर ती पसरून चारी कोपऱ्यांना पिना लावल्या आणि म्हणाले, “हे मशीनने काढलंय.”

कागदावर एक चौकोन होता, त्याच्या आत थोडा वळलेला दुसरा, त्याच्या आत आणखी थोडा वळलेला तिसरा. असे इतके की मध्यभागी भोवरा तयार झाला होता आणि टक लावून पाहिलं तर तो फिरतोय असं वाटे. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जाडीची. काहीही मोजायचं नव्हतं, कुणाला काही बांधायचं नव्हतं. नकाशाच्या शाईने नुसतं सुंदर असं काही काढलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

सासूबाई पिठाच्या हाताने येऊन उभ्या राहिल्या. “ही रांगोळी आहे. पण हिचे ठिपके कुठे गेले?”

“ठिपके मशीनच्या पोटात असतात, आई,” दिनूभावजी हसत म्हणाले. “आम्ही कार्डांना भोकं पाडून त्याला सांगतो, इथून इथे जा, एवढं वळ, पुन्हा जा. ते तसं करतं.”

अण्णांनी भिंग घेतलं आणि तो कागद कोपऱ्यापासून वाचल्यासारखा पाहिला. बराच वेळ. “रेघ चांगली आहे,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडी याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि उजवा हात डाव्या हातात धरला.

दिनूभावजी खरं तर आई-वडिलांना मुंबईला न्यायला आले होते. दुपारी जेवताना त्यांनी विषय काढला. पुढची खोली बंद करा, आता कशाला त्रास, तिकडे नळाला पाणी आहे. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि शांतपणे सांगितलं, “शिंगणापूरच्या हवालदाराचं घर बोर्डावर आहे. ते नीट पार पडलं तर आम्ही इथे राहू. नाही पडलं, तर तुझ्याबरोबर येतो.”

हवालदार म्हणजे रंगनाथ हवालदार. फौजेत बांधकामाच्या तुकडीत होते, निवृत्त होऊन गावी परतले होते. गावाकडे दोन खोल्यांच्या घराला नकाशा कोण करतं? गवंडी दोरीने आखतो आणि बांधतो. पण त्यांनी नोकरीभर दुसऱ्यांच्या निळ्या नकाशांवर पूल आणि बराकी बांधल्या होत्या, आणि स्वतःच्या घराचा एक निळा नकाशा त्यांना हवा होता. “साहेब, एकदा माझ्या नावाचा ब्लूप्रिंट हातात घ्यायचा हाय,” असं ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या भाषेत आखितीला, पाया खणायचा होता.

अण्णांनी नकाशा पुरा केला, मी अक्षरं लिहिली, ऊन दाखवून प्रत धुतली आणि हवालदार ती पेपरात गुंडाळून घेऊन गेले. दोन दिवसांनी परत आले ते आईला घेऊन. म्हातारी उंच, काळी, नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण. खुर्चीवर बसली नाही. नकाशा फरशीवर पसरून त्याच्यापाशी मांडी घालून बसली.

“नाना,” ती अण्णांना म्हणाली, “घर झ्याक काढलंय. पर ह्या कलिंगडाच्या फोडी कशापायी मांडल्यात घरभर?”

तिचं बोट जिथे होतं तिथे एक चतुर्थांश वर्तुळ होतं. नकाशात दार असंच दाखवतात, एक रेघ म्हणजे फळी आणि एक चाप म्हणजे ती उघडण्याची वाट. पुढच्या खोलीला एक, स्वयंपाकघराला एक, मागच्या बाजूला एक.

मी अण्णांकडे पाहिलं. अखेर ते म्हणाले, “दारं.”

“आगं बया,” म्हातारी म्हणाली.

हवालदार अवघडले. “आये, कागदावरच हायेत. गवंडी आपल्याच गावचा हाय, त्याला काय म्हाईत न्हाई व्हय? मला बी फौजेत फोडी बघायची सवय, माज्या बी ध्येनात आलं न्हाई.”

“कागद बघूनच घर हुतंय ना?”

“व्हय.”

“मंग कागदावर बी नगं. कालपस्तोर आमच्या घराला दार न्हवतं, आता चितारात कशाला आनायचं?” तिने हे रागावून म्हटलं नाही. मीठ जास्त झालं तर सांगतात तसं सांगितलं.

अण्णांनी ब्लेड घेतलं आणि कापडावरचे चाप खरवडायला बसले. शाई निघते, पण कापडाची चकाकी जाते. मग ती जागा नखाने घोटावी लागते. ते घोटत असताना त्यांचा हात कापत होता आणि हवालदार मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होते. पुन्हा ऊन, पुन्हा बादली. सासूबाईंनी पाणी आणून ठेवलं, आणि ते म्हातारीने पाहिलं. प्रत निळी झाली. जिथे चाप होते तिथे पांढुरकी कोर राहिली, धुक्यातल्या चंद्रासारखी.

म्हातारीने वाकून पाहिलं. “पुसल्याती. पर हायेत.”

दारं खरंच अजून होती. मग पुन्हा नवं कापड, सगळं पहिल्यापासून. अण्णा म्हणाले, परवा या. माय-लेक गेले. अंगणात बादलीभर निळसर पाणी ओतलं गेलं आणि मातीने ते लगेच पिऊन टाकलं.

त्या संध्याकाळी दिनूभावजी अण्णांपाशी येऊन बसले. चांगल्या मनाने बोलत होते. “अण्णा, मशीनला एकदा सांगितलं ना की दार नको, की ते कधीच काढणार नाही.”

“आणि सांगायचं राहिलं तर?”

“तर काढेल. इतर घरांना असतात तशी.”

“मग माझ्यात आणि त्याच्यात काय फरक? मलाही हवालदाराने सांगितलं नव्हतं.”

“पण तुम्हाला माहीत होतं.”

अण्णांनी मान डोलावली. “मला माहीत होतं. हाताला नव्हतं.”

पन्नास वर्षं होऊन गेली, आणि तुमच्या चित्रातलं शिसवी दार पाहिलं तेव्हा मला हेच वाक्य आठवलं. तुमच्या कॉम्प्युटरने जगातली अगणित घरं पाहिली असणार, आणि त्या सगळ्यांनी त्याला दार शिकवलं. अण्णांच्या हाताला नोकरीने शिकवलं. चूक एकाच रस्त्याने आली. मला त्याबद्दल राग नाही, कुतूहल आहे. तुमचं यंत्र चूक कळल्यावर काय करतं ते मला माहीत नाही. अण्णांनी काय केलं ते सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खोली अजून गार असताना, त्यांनी नवं कापड ताणून लावलं, खडू चोळला, पेन भरलं आणि पहिल्याच रेघेला पाती टेकताना हात असा हलला की शाईचा टिपका पडला. ते कापड त्यांनी काढलं. दुसरं लावलं. मग पेन माझ्यापुढे धरलं.

“तू काढ. मी सांगतो.”

मी म्हटलं, “अण्णा, मी अक्षरंच लिहिते.”

“अक्षर म्हणजे रेघच असते. बस.”

ते स्टुलावर बसले, हात मांडीवर, डोळे भिंतीकडे. सगळं घर त्यांच्या डोक्यात होतं. डाव्या कोपऱ्यातून सुरू कर. उजवीकडे ये. भिंत दीड फुटी, दुसरी रेघ. खाली उतर. मी ओढत गेले. श्वास रोखायचा, रेघ संपली की सोडायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दिनूभावजी दारात चहाचा कप घेऊन उभे होते. थोड्या वेळाने म्हणाले, “वहिनी, तुम्ही तर कॉम्प्युटर झालात.”

“कॉम्प्युटरला मध्ये चहा देतात का?” मी विचारलं.

“नाही.”

“मग मी नाही. आणा इकडे.”

अण्णा हसले. त्या आठवड्यातलं पहिलं हसणं.

भिंतीत पहिली मोकळी जागा आली तेव्हा माझा डावा हात आपोआप कंपासकडे गेला. इतकी वर्षं मी त्यांना तसं करताना पाहत आले होते. भिंतीकडे पाहत असूनही अण्णांना ते कसं कळलं कोण जाणे. “कंपास ठेव खाली,” ते म्हणाले. “मोकळं.” पुढच्या जागेला पुन्हा, “मोकळं.” मागच्या बाजूलाही. रिकामी जागा सुद्धा सांगावी लागते, काढावी लागते, हे मला तेव्हा समजलं. पुढे आयुष्यभर मी नकाशे काढले. ते काम मी कुठे शिकले असं कुणी विचारलं तर मला ती सकाळ आठवते.

रेघा पुऱ्या झाल्या. खाली नाव घालायचं राहिलं. मी लेखणी उचलली तर अण्णा म्हणाले, “आज ते मी लिहितो.” त्यांनी मराठीत लिहिलं: ‘रंगनाथ हवालदार यांचे घर, शिंगणापूर’. प्रत्येक अक्षर थरथरलेलं आहे. त्यांनी ते भिंगाखाली पाहिलं नाही.

हवालदार आले ते खांद्यावर दुधाचा कॅन घेऊन, सदरा भिजलेला. आत पाणी होतं. आईने सांगितलं होतं की आपल्यापायी त्या बाईचं पाणी गेलं, आपल्या हिरीचं न्या. त्यांच्या विहिरीला तळाशी अजून थोडं होतं. घोडेगावला एस.टी.त चढताना कंडक्टरने विचारलं, दूध हाय का? हवालदार म्हणाले, पानी हाय. कंडक्टर म्हणाला, मग त्याचं बी तिकीट काढा, दुधापरीस महाग हाय. हे सांगताना हवालदार स्वतःच जास्त हसत होते. मागून म्हातारी आली आणि पुन्हा फरशीवर बसली.

शिंगणापूरच्या पाण्यात ती प्रत धुतली. निळा रंग असा चढला की सासूबाईही बघायला थांबल्या. मी ओली प्रत म्हातारीपुढे ठेवली. म्हातारीने पदराने बोट पुसलं आणि अंगणाच्या बाजूने नकाशात शिरली. बोट ओसरीवर आलं. मोकळ्या जागेतून आत गेलं. “हितं मी निजनार.” पुढच्या जागेतून स्वयंपाकघरात. “हितं चूल.” तिथून मागे, गोठ्याकडे, आणि वळसा घालून पुन्हा पुढे. कुठेही ते बोट थांबलं नाही.

“आता बेस झालं,” ती म्हणाली. “अडकत न्हाई कुटं.” मग खालच्या थरथरत्या अक्षरांवर बोट ठेवलं. “आन् हे काय लिवलंय?”

“माजं नाव हाय, आये,” हवालदार म्हणाले.

“नाव बी झ्याक हाय. वारं आल्यावानी हलतंय.”

अण्णा उठून आतल्या खोलीत गेले आणि थोड्या वेळाने चष्मा पुसत बाहेर आले. हवालदारांनी त्यांना फौजी सलाम ठोकला. दिनूभावजी रजा संपल्यावर एकटेच मुंबईला गेले. जाताना फिरत्या चौकोनांचा कागद त्यांनी परत मागितला नाही आणि अण्णांनी तो बोर्डासमोरच्या भिंतीवर लावला. पुढची खोली उघडी राहिली. अण्णा स्टुलावर बसून सांगत आणि मी काढत असे. काम नसलं की ते त्या चौकोनांकडे पाहत बसत. रांगोळी, नकाशा आणि ते चित्र यांत कुठेतरी एकच गोष्ट आहे असं ते म्हणत. कुठली, ते कधी पुरतं बोलले नाहीत. मला वाटतं, तिन्हींत आधी कोणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं आणि पाहणाऱ्याला ते ऐकू येत नाही. फार खोलात मी जात नाही.

मीरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. घर साधारण तसंच होतं, दार सोडून. जमलं तर कॉम्प्युटरला पुन्हा सांगा, या वेळी रिकाम्या जागेसकट.

दिनूभावजींचा कागद पिवळा पडला, त्याची शाई विटली आणि मागच्या भिंतीला ओल आली त्या वर्षी तो गेला. रूलिंग पेन आहे, त्याचा स्क्रू गंजला आहे. ट्रेसिंग क्लॉथवरचा नकाशा माझ्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात गुंडाळून ठेवला आहे. रेघा काळ्या आहेत आणि अक्षरं वाचता येतात. घर उभं आहे. हवालदारांच्या नातवाने पुढे एक स्लॅबची खोली वाढवली. मागच्या वर्षी मी पाहून आले, त्या खोलीलाही दार नाही.